64 चित्रं, माणसं किती? खुल्या एमआरआय डेटावरच्या एका प्रकल्पाची हकिकत

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते. ही गोष्ट शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाची आहे आणि त्यातली निम्मी चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्याकडे वर्गात मुलांना गावावरूनच हाक मारतात. म्हणून इथेही मुलगी म्हणजे 'देवगड' आणि मुलगा म्हणजे 'लांजा', एवढंच. गावं अर्थातच बदलली आहेत.

प्रकल्पाचा विषय सुचवला तालुक्याच्या गावी दवाखाना असलेल्या एका फिजिशियन डॉक्टरांनी. ते सांगतात की गणपती गेले की पुढचे पंधरा दिवस त्यांच्याकडे विसराळू म्हाताऱ्या माणसांची रांग लागते. आजार काही गणपतीत होत नाही. मुंबईचे चाकरमानी गणपतीला घरी येतात, आई सकाळपासून तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारते, बाबा स्वतःच्या खळ्यात वाट चुकतात, तेव्हा कुठे घरच्यांच्या लक्षात येतं. एरवी वर्षभर शेजारपाजारचे 'म्हातारचळ लागला' म्हणून सोडून देतात. त्या तालुक्यात एमआरआय यंत्र नाही. कोल्हापूर गाठायचं, नाहीतर गोव्यात बांबोळी. म्हणजे पहाटेची गाडी, एक दिवस मोडला आणि सोबत एक माणूस. डॉक्टरांची अपेक्षा साधी होती. एवढ्या खटाटोपाने काढलेल्या स्कॅनमधून डिमेन्शियाची चाहूल संगणकाला देता येईल का?

मुलांना विषय आवडला. स्कॅन आणायचे कुठून, हा प्रश्नही त्यांना पडला नाही. मेंदूचे एमआरआय आज जगभर खुले पडले आहेत, उतरवून घ्यायचे फक्त.

अडचण

जुलैत सुरुवात झाली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात देवगड माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "मॅडम, नव्याण्णव टक्के आलंय."

डेटा एका लोकप्रिय संकेतस्थळावरचा होता. एकूण 6400 जेपेग चित्रं, चार फोल्डरमध्ये. निरोगी 3200, अतिसौम्य डिमेन्शिया 2240, सौम्य 896 आणि मध्यम 64. शिकवणीसाठी 5121 आणि चाचणीसाठी 1279 अशी वाटणी तिथेच करून ठेवलेली. मुलांनी तयार न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणं बघून शिकणारा संगणक-प्रोग्राम, घेतलं, चित्रं भरली, आणि चाचणीत शंभरातली नव्याण्णव बरोबर आली. चित्रं मूळ कुठली, याचा धड पत्ता त्या पानावर नव्हता.

मी खूश झाले. विभागप्रमुख माझ्याहून खूश झाले. एका परिषदेसाठी सारांश पाठवायचा ठरला आणि मी मार्गदर्शक म्हणून सही केली. कॉरिडॉरमध्ये फ्लेक्स लागला. आमच्याकडे फ्लेक्स फार लवकर लागतो.

सारांशाची प्रत डॉक्टरांना पाठवली. रात्री त्यांचा फोन आला. अभिनंदन वगैरे झालं आणि मग त्यांनी विचारलं, "हे मध्यम गटातले 64 फोटो, हे किती पेशंट?"

मी म्हटलं, "64 असतील."

"एका एमआरआयमध्ये एकच फोटो असतो का हो मॅडम?"

बाहेर पाऊस, लाइट गेलेली, लॅपटॉपची बॅटरी संपत आलेली. मोबाइलवर भागाकार करत बसले. एक एमआरआय म्हणजे मेंदूचा त्रिमितीय ठोकळा असतो. सुरमई आडवी कापून तुकड्या कराव्यात तसे त्याचे काप काढले की सपाट चित्रं मिळतात. मग प्रत्येक माणसाचे किती काप घेतले असतील? चारही आकडे ज्याने निःशेष भागतात असा आकडा शोधत 32 पर्यंत आले. 64 भागिले 32 म्हणजे 2. 896 म्हणजे 28. 2240 म्हणजे 70. 3200 म्हणजे 100.

दोन, अठ्ठावीस, सत्तर. हे आकडे मी कुठेतरी वाचले होते.

सकाळी कॉलेजात ते सापडले. अमेरिकेत सेंट लुईसला वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी आहे. तिथला 'ओएसिस' हा खुला संच 2007 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या संचात 18 ते 96 वयाची 416 माणसं आहेत, सगळी उजव्या हाताने काम करणारी. त्यातल्या साठीपुढच्या 100 जणांना डिमेन्शिया आहे. त्याची तीव्रता सीडीआर नावाच्या श्रेणीत मोजतात. ही श्रेणी डॉक्टर रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून देतात, स्कॅन बघून नव्हे. 0.5 श्रेणीचे 70 जण, 1 श्रेणीचे 28 आणि 2 श्रेणीचे दोन.

पानावर लिहिलेलं नसलं तरी माझ्या मते शंकेला जागा उरली नव्हती. निरोगी लोकांपैकी शंभर कुणीतरी निवडले, प्रत्येकाचे 32 काप काढले, चित्रं एकत्र ओतली आणि हलवून दोन ढीग केले. मध्यम गटातली 52 चित्रं शिकवणीत होती, 12 चाचणीत. माणसागणिक वाटणी केली असती तर 32 आणि 32 झाली असती. 52 हा आकडाच सांगतो की एका तरी माणसाचे काप दोन्हीकडे आहेत. एकाच सुरमईच्या काही तुकड्या या टोपात, काही त्या टोपात. आमचं नेटवर्क डिमेन्शिया ओळखत नव्हतं. कालच पाहिलेल्या कवटीचा शेजारचा काप ते आज ओळखत होतं.

'मध्यम डिमेन्शिया' म्हणजे आमच्या दृष्टीने जगात मिळून दोन माणसं. तीही कोण, तर सेंट लुईसची.

समोरचे पर्याय

फ्लेक्सखाली उभे राहून आम्ही तिघं जे बोललो ते जवळजवळ जसंच्या तसं लिहिते.

लांज्याचं म्हणणं होतं की आहे तसंच ठेवावं आणि 'मर्यादा' या मथळ्याखाली दोन ओळी लिहाव्यात. "मॅडम, याच चित्रांवर कितीतरी पेपर आलेत. सगळ्यांचं नव्वदच्या वर आहे." हे खोटं नव्हतं. अल्झायमर आणि न्यूरल नेटवर्क या विषयावरच्या लेखांचा आढावा 2020 मध्ये निघाला होता, आणि त्यात निम्म्याहून जास्त लेखांत अशी गळती, म्हणजे चाचणीची माहिती आधीच शिकवणीत शिरणं, झाली असावी असं आढळलं होतं. पुढच्याच वर्षी 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये एका गटाने मुद्दाम गंमत केली. ओएसिसच्या माणसांना कसलाही अर्थ नसलेली लेबलं चिकटवली. काप मिसळून वाटल्यावर नेटवर्कने 96 टक्के अचूकता दाखवली. माणसागणिक वाटल्यावर 50. म्हणजे नाणेफेक. हा उतारा मी लांज्याला मोठ्याने वाचायला लावला. त्यानंतर तो पर्याय त्याने पुन्हा काढला नाही.

दुसरा पर्याय मूळ ओएसिस घ्यायचा. जेपेग नव्हे, पूर्ण त्रिमितीय स्कॅन आणि सोबतचा तक्ता.

तिसरा एडीएनआय. 2004 पासून अमेरिका-कॅनडातल्या अनेक केंद्रांवर गोळा होत असलेला संच, त्याच माणसांचे पुन्हा पुन्हा काढलेले स्कॅन. पण त्यासाठी हेतू लिहून अर्ज करावा लागतो आणि लेख छापण्याआधी त्यांच्या समितीला दाखवावा लागतो. खरं तर हा पर्याय सगळ्यात सकस. आमच्याकडे मात्र दोन सेमिस्टर होती आणि एक ग्राफिक्स कार्ड.

चौथा पर्याय डॉक्टरांचा. "इथलेच स्कॅन घ्या ना. माझ्या पेशंटांच्या सीड्या घरोघरी कपाटात पडल्यात." त्यांचा मुद्दा बिनतोड होता. ज्यांच्यासाठी हे करायचं ती माणसं त्या संचात नव्हतीच. याच पर्यायाने पुढे आम्हाला अडचणीत आणलं.

आम्ही दुसरा पक्का केला आणि चौथा 'बघू' म्हणून ठेवला. हे 'बघू' महागात पडलं.

परिषदेचा सारांश मी त्याच दिवशी मागे घेतला. विभागप्रमुखांना समजावताना अर्धा तास गेला. "आकडा कमी करून पाठवू या की," असं ते म्हणत होते. किती कमी, हे मला सांगता येत नव्हतं, कारण खरा आकडा अजून आमच्याकडे नव्हताच.

काय केलं: मूळ संच

ओएसिसचा पहिला संच बारा भागांत येतो. कॉलेजच्या लाइनवर दुसरा भाग अर्ध्यावर तुटला, पुन्हा सुरू केला, पुन्हा तुटला. सप्टेंबरात गणपतीनंतर लांजा ठाण्याला काकांकडे गेला, स्वतःच्या नावाने अटी मान्य केल्या, स्वतःच उतरवून घेतलं आणि तुतारी एक्सप्रेसने हार्ड डिस्क मांडीवर घेऊन परत आला. चुलतभाऊ आधीच उतरवून ठेवायला तयार होता. मी नको म्हटलं. खुल्या संचालाही वापराच्या अटी असतात. त्यातली एक ठरलेली असते, यातल्या कुणाचीही ओळख शोधून काढायचा प्रयत्न करणार नाही. ज्याच्या हातात डेटा राहणार, त्यानेच ते वाचून कबूल करावं, असा माझा आग्रह. तेव्हा तो मला उगाच कडक वाटला होता.

मग तक्ता उघडला. खरं सांगायचं तर प्रकल्पातलं सगळ्यात जास्त शिक्षण या एका तक्त्याने दिलं.

ओळी 436, माणसं 416. फरक वीसचा. वीस निरोगी माणसांचा स्कॅन थोड्या दिवसांनी पुन्हा काढलेला आहे, मोजमाप किती स्थिर आहे ते तपासायला. फाइलच्या नावात शेवटी 'एमआर1' आणि 'एमआर2' एवढाच फरक. हे लक्षात आलं नसतं तर माणूस पुन्हा दोन टोपांत गेला असता. देवगडला ते पहिल्या संध्याकाळीच दिसलं. ती त्या तक्त्याकडे बघायची तशी मी कधी कुठल्या तक्त्याकडे पाहिलं नव्हतं.

सीडीआरचा रकाना 201 ओळींत रिकामा. लांज्याने सवयीप्रमाणे रिकाम्या जागी शून्य भरून टाकलं. रिकामं म्हणजे निरोगी, असं त्याने गृहीत धरलं. वीस ओळी पुन्हा स्कॅन काढलेल्यांच्या, बाकीच्या तरुण माणसांच्या, ज्यांना ही श्रेणी कुणी दिलेलीच नव्हती. त्यांना निरोगी गटात घातलं की एका बाजूला विशीतले मेंदू आणि दुसऱ्या बाजूला सत्तरीतले. मेंदू वयाबरोबर आकसतोच, त्याला डिमेन्शिया लागत नाही. नेटवर्क वय ओळखून मार्क मिळवणार आणि आम्ही त्याला निदान म्हणणार. म्हणून साठीपुढचेच घ्यायचे ठरवलं. 98 निरोगी, 100 डिमेन्शियाचे. 416 वरून 198 वर आलो. लांज्याचा चेहरा पडला. एवढ्या लांबून आणलेल्या डिस्कमधला अर्ध्याहून जास्त माल बाजूला!

तिसरा सापळा एमएमएसई. हा तीस गुणांचा स्मरणशक्तीचा चाचणी-तक्ता. हा रकाना शिकवणीत घेतला की आकडा टुणकन वर जातो. डॉक्टर हसले. "ज्या बोलण्यावरून आम्ही निदान करतो तेच तुम्ही त्याला आधी सांगताय. मग त्याने काय ओळखलं?" आणि त्यांनी एका आजीची गोष्ट सांगितली. एमएमएसईमध्ये आजची तारीख विचारतात, वाक्य लिहायला सांगतात. आजी म्हणाल्या, "तारीख काय म्हायत नाय. आज एकादस, उपास हा." तिथी अचूक, तारखेला शून्य गुण. शाळेत न गेलेल्यांसाठी हिंदीत वेगळी चाचणी नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडमध्ये केली गेली, ती यासाठीच. मालवणीत तशी कुणी केलेली डॉक्टरांना माहीत नाही. ते स्वतः तिथी, सण आणि घरातल्या माणसांची नावं विचारतात.

शेवटी वाटणी. माणसागणिक, वय आणि स्त्री-पुरुष प्रमाण दोन्हीकडे सारखं राहील अशी, दहा वेळा वेगवेगळी. मुलांनी सायंटिफिक रिपोर्ट्समधला तो खोट्या लेबलांचा प्रयोगही आमच्या हातातल्या स्कॅनवर केला. लेबलं पत्त्यांसारखी पिसली, काप मिसळले, आणि निव्वळ बकवास नव्वदच्या वर गेली. देवगडने तो आलेख छापून माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवला.

आणखी एक छोटा प्रयोग. लंडनच्या तीन हॉस्पिटलांतून जमवलेला आयएक्सआय नावाचा निरोगी माणसांचा संच आहे, सहाशेच्या जवळपास स्कॅन. यंत्रं वेगळी, एकीकडे 3 टेस्लाचं, दोन ठिकाणी 1.5 टेस्लाची (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप). हॉस्पिटलचं नाव फाइलच्या नावातच असतं. ते झाकून मुलांनी नेटवर्कला हॉस्पिटल ओळखायला सांगितलं. डिमेन्शिया ओळखताना धापा टाकणारं नेटवर्क हॉस्पिटल मात्र क्षणात ओळखायला लागलं. यंत्राची छाप मेंदूपेक्षा ठळक असते. बांबोळीचा आणि कोल्हापूरचा स्कॅन एका ढिगात टाकताना याची आठवण ठेवावी लागते.

काय केलं: इथल्या सीड्या

नोव्हेंबरात डॉक्टरांनी अकरा सीड्या पाठवल्या. पेशंटांना त्यांनी 'कॉलेजच्या अभ्यासाला देतोय' असं तोंडी सांगितलं होतं, आणि कुणी नाही म्हटलं नव्हतं. डॉक्टरांना नाही कोण म्हणणार?

इथे थांबायला हवं होतं. आयसीएमआरची 2017 ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सार्वजनिक उपलब्ध माहितीवरच्या अभ्यासाला सूट देऊ शकतात, पण ती सूट आहे की नाही हे नैतिकता समिती ठरवते, संशोधक स्वतः नाही. आणि पेशंटच्या कपाटातली सीडी म्हणजे सार्वजनिक माहिती नव्हेच. आमच्या कॉलेजात अशी समिती नाही. इंजिनिअरिंग कॉलेजात ती का असेल, असाच माझाही समज होता.

लांज्याने फाइलींतली नावं पुसली. एमआरआयची फाइल नुसतं चित्र नसते. तिच्या डोक्यावर पेशंटचं नाव, जन्मतारीख, स्कॅनची तारीख, सेंटरचं नाव, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव असे कितीतरी रकाने असतात. त्याने पहिले दोन पुसले. फोल्डरच्या नावात आडनाव होतं, ते मी पाहिलं. बाकीचे रकाने तसेच होते. '81 वर्षं, अमुक सेंटर, अमुक तारीख' एवढ्यावर मुंबईत कुणी सापडणार नाही. आमच्या तालुक्यात चहाच्या टपरीवर सापडेल.

अकरातले नऊ स्कॅन जाड कापांचे होते, पाच-पाच मिलिमीटरचे. नेहमीच्या निदानाला ते पुरतात, आमच्या पद्धतीला नाहीत. ओएसिसवर शिकलेल्या नेटवर्कला ते कळलेच नाहीत. दोन स्कॅन मात्र पातळ, मिलिमीटरभर कापांचे. त्यातला एक देवगडने त्रिमितीय दर्शकात, म्हणजे स्कॅन फिरवून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडला आणि कवटी नीट आली आहे का बघायला चित्र फिरवलं. दर्शक हाडावर थांबला नाही, कातडीवर थांबला. पडद्यावर राखाडी रंगाचा एक चेहरा आला. डोळे मिटलेले, डोक्यावर केस नाहीत, पुढे आलेली हनुवटी, बसकं नाक, मोठे कान.

आमचे शिपाई, मामा, चहा घेऊन आले होते. कप ठेवता ठेवता त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"हे आमचे बुवाच मां, मॅडम?"

त्यांच्या वाडीतले भजनीबुवा. नाव पुसलेलं, जन्मतारीख पुसलेली, आणि चहाच्या कपाएवढ्या वेळात माणूस ओळखला गेला. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 2019 मध्ये असंच दाखवलं होतं. 84 स्वयंसेवकांच्या स्कॅनमधून चेहरे उभे केले आणि चेहरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यातल्या 70 जणांची जोडी त्यांच्या फोटोंशी बरोबर लावली. मी तो लेख वर्गात शिकवलेला होता. तरी दर्शक उघडताना आठवला नाही. ओपनन्यूरोसारखी खुल्या स्कॅनची संकेतस्थळं स्कॅन ठेवून घेण्याआधी चेहरा पुसायला लावतात, त्यासाठी तयार साधनं फुकट मिळतात. आम्ही ती पाहिलीही नव्हती.

देवगडने झाकण लावावं तसा लॅपटॉप बंद केला. मामांना मी सांगितलं की हे बाहेर बोलायचं नाही. ते म्हणाले, "बुवांका बरा नाय ता अख्ख्या वाडीक म्हायत हा." खरंच होतं ते. पण वाडीला माहीत असणं वेगळं आणि आमच्या पडद्यावरून माहीत होणं वेगळं.

तासाभरात तीन गोष्टी ठरवल्या. सगळ्या प्रती पुसायच्या. सीड्या त्याच दिवशी परत. आणि डॉक्टरांना हे फोनवर नाही, समोर जाऊन सांगायचं. लांज्याला तिसरी पटली नाही. "सर रागावतील." डॉक्टर रागावले नाहीत, गप्प बसले. मग म्हणाले, "तोंडी विचारलं तेव्हाच चुकलं. त्यांना काय कळलं असेल, अभ्यासाला म्हणजे काय ते?" दुसऱ्या दिवशी ते स्वतः बुवांच्या घरी जाऊन आले.

त्यानंतर स्थानिक स्कॅन प्रकल्पातून पूर्ण काढले. डॉक्टरांच्या ओळखीने एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिकता समितीकडे रीतसर अर्ज केला. त्यात खुल्या संचाच्या वापराला सूट मागितली, इथल्या स्कॅनसाठी लेखी संमतीचा मराठी मसुदा जोडला आणि आधी जे घडलं तेही लिहिलं. हे शेवटचं लिहावं की नाही यावर विभागप्रमुखांशी पुन्हा अर्धा तास गेला. लिहिलं.

निकाल

साठीपुढच्या 198 माणसांवर, माणसागणिक वाटणी करून, नव्याण्णवचा आकडा सत्तरीच्या आत आला. दहा वाटण्यांत तो वरखाली होत राहिला. ओएसिसच्या तक्त्यात मेंदूचं आकारमान कवटीच्या मानाने किती, याचा एक रकाना तयारच असतो. ते आकारमान आणि वय, एवढ्या दोन आकड्यांवर जुनी साधी सांख्यिकी पद्धत चालवली तर ती नेटवर्कच्या दोन-तीन टक्के मागे, कधी पुढे. ग्राफिक्स कार्डाने रात्र रात्र चालून जे केलं ते कॅल्क्युलेटरवर बसण्यासारखं होतं.

बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "इतरांचं नव्वदच्या वर आहे, तुमचं एवढं कमी का?" देवगडने काचेखालचा आलेख काढून त्यांच्यापुढे ठेवला, पिसलेल्या लेबलांचा. त्यांनी तो बराच वेळ बघितला. गुण बरे मिळाले, फार नाही. वर्गातल्या दुसऱ्या एका गटाने अशाच मिसळलेल्या चित्रांवर 98 टक्के दाखवले होते. त्यांना जास्त मिळाले.

समितीने ओएसिस आणि आयएक्सआयच्या वापराला सूट दिली. स्थानिक स्कॅनच्या अर्जावर बारा शंका काढल्या. त्यातल्या नऊ रास्त होत्या.

पुन्हा करायचं झालं तर

डेटा उघडण्याआधी कागदावर एक ओळ लिहून घेईन. चित्रं किती, माणसं किती, माणसामागे भेटी किती. त्यातला मधला आकडा कळत नसेल तर तो संच शिकायला ठीक, पण त्यावर सही करणार नाही. माझी सही डॉक्टरांच्या एका प्रश्नाने उतरली. तो प्रश्न विचारणं माझं काम होतं, त्यांचं नव्हे.

साधी पद्धत आधी चालवीन, नेटवर्क नंतर. आमच्याकडे क्रम उलटा झाला, कारण साध्या पद्धतीवर फ्लेक्स लागत नाही.

एडीएनआयचा अर्ज जुलैतच टाकायला हवा होता. मिळो न मिळो, हेतू लिहिताना आपल्याला नक्की काय विचारायचं आहे ते स्वतःला कळलं असतं. आमचा प्रश्न सप्टेंबरात कळला.

स्थानिक सीड्या घेण्याबद्दल मात्र माझं मत दोन्हीकडे ओढलं जातं. इथली माणसं कुठल्याच खुल्या संचात नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्सच्या गटाने 2020 मध्ये भारतीयांच्या मेंदूचे नमुना-नकाशे काढले, पण ते 6 ते 60 वयाचे. डॉक्टरांचे पेशंट तिथून पुढे सुरू होतात. म्हणजे इथले स्कॅन कधीतरी गोळा व्हायला हवेत. पण छोट्या जागेत ओळख लपवणं मोठ्या शहराहून कितीतरी अवघड असतं. चेहरा पुसला तरी वय, गाव आणि तारीख उरते. असा संच झालाच तर तो सरसकट खुला न ठेवता अर्ज करून मिळणारा असावा, असं मला वाटतं. देवगडला हे पटत नाही. ती म्हणते, तसं केलं तर आमच्यासारख्या कॉलेजला ओएसिस कधीच दिसला नसता. तिचंही खरं आहे.

सध्या

देवगड पुण्याला नोकरीला लागली. लांजा गावीच आहे, आंब्याचा धंदा बघतो आणि शनिवारी येऊन समितीच्या शंकांची उत्तरं लिहायला मदत करतो. संमतीपत्रात 'संशोधन' या शब्दाच्या जागी काय लिहावं यावर आमचे दोन शनिवार गेले. शेवटी लिहिलं, 'तुमच्या डोक्याचा फोटो चेहरा पुसून कॉलेजातली मुलं बघतील, त्यातून तुमच्या औषधपाण्यात काही फरक पडणार नाही, आणि नको म्हणालात तरी डॉक्टर तसेच बघतील.' समितीने 'फोटो' या शब्दावर हरकत घेतली आहे.

मसुदा वाचून बघायला डॉक्टर तो बुवांच्या घरी घेऊन गेले होते. मीही सोबत होते. बुवा खळ्यात बसून टाळ पुसत होते. आम्ही कोण ते त्यांना कळलं नाही, पण बसा म्हणाले. त्यांच्या पत्नीने कागद शेवटपर्यंत वाचून घेतला, घडी केली आणि देवाच्या फडताळात ठेवला.

"झील गणपतीक येतलो," त्या म्हणाल्या. "तेका इचारतंय, मगे सांगतंय."